शौनकची तीन घरं

"आजी, शॉन इथेच राहायचा ना?"

फाटकापलीकडून प्रश्न आला तेव्हा मी व्हरांड्यात चहा पीत होतो आणि आई कुंडीतल्या कढीलिंबाची पानं खुडत होती. बाहेर पंधरा-वीस पोरं-पोरी उभी होती. सगळ्यांच्या अंगात काळे टी-शर्ट आणि त्यांवर केस विस्कटलेल्या शौनकचं तोंड. आमच्या प्रभात रोडच्या गल्लीत एवढे काळे कपडे मी संक्रांतीलाही एकत्र पाहिले नव्हते.

"शॉन कोण?" आई म्हणाली.

"शॉन म्हणजे... शौनक हुपरीकर."

"मग शौनक म्हण की. चांगलं नाव ठेवलं होतं आईबापांनी." आईने पानं पदरात घेतली आणि फाटक सताड उघडलं. "राहायचा. वर, गच्चीवरच्या खोलीत. या आत."

आमचं फाटक एरवी कुरिअरवाल्यालाही निम्मंच उघडतं. शौनकचं नाव निघालं की ते सताड उघडतं, हे मला नवीन नव्हतं. चहा मात्र कडू लागला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा मस्कतहून महिन्याच्या रजेवर आलो होतो. आईने ऐंशी ओलांडली होती, पण काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत एकटी जायची. शौनक दोन वर्षांपूर्वी गेला होता. यकृताने दगा दिला म्हणे. म्हणजे दारूने. तो गेला त्या दिवशी आई जेवली नाही, हे मला फोनवर शेजारच्या बाईंकडून कळलं होतं. तेव्हा मी मस्कतला बसून पहिल्यांदा काय विचार केला असेल, तर मी गेलो तर ही जेवणार नाही का, असा. मेलेल्या माणसावर जळणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर हा मी.

त्या काळ्या घोळक्याची म्होरकी तन्मयी नावाची मुलगी होती. पंचविशीची, बोलायला गोड. तिने आईला नमस्कार केला आणि सगळं समजावून सांगितलं. शौनकच्या चाहत्यांनी त्याच्या पुण्यातल्या घरांची फेरी काढली होती. नाव मिळायच्या आधी तो आमच्याच भागात तीन घरांत भाड्याने राहिला. त्यातल्या ज्या घरात त्याने 'दार ओढून घे' हे गाणं लिहिलं, त्या घरावर पाटी लावायची होती. पाटी तयार होती. एका पोराने सॅकमधून काढून दाखवली. निळी, गोल, पांढऱ्या अक्षरांची.

"तीन घरं आणि पाटी एकच?" मी विचारलं.

"काका, गाणं एकाच घरात लिहिलं ना," तन्मयी म्हणाली. "आमच्यात सगळ्यांचं मत आहे की हेच घर. कारण एका मुलाखतीत शॉन म्हणाला होता, माझं खरं घर म्हणजे ती गच्चीवरची खोली. आज दुसरी दोन्ही घरं बघतो, तिथल्या लोकांशी बोलतो, आणि मग शेवटी आजी सांगतील तिथे पाटी लावू. आजींनाच ठाऊक असणार."

ती बोलताना हात हलवत होती आणि तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला गोंदलेली ओळ मला दिसत होती. 'आत कुणीतरी झोपलंय.' त्याच गाण्यातली. 'दार ओढून घे, आवाज नको करू, आत कुणीतरी झोपलंय.' महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलेजच्या गॅदरिंगला हे गाणं होतं. कुठल्याशा विवाहितेने प्रियकराला घराबाहेर काढताना म्हटलेले शब्द आहेत असं लोक मानायचे. ती बाई कोण, यावर म्हणे वर्षानुवर्षं वाद चालले होते.

माझं लक्ष फाटकाच्या खांबाकडे गेलं. तिथे बाबांची संगमरवरी पाटी होती. डॉ. वा. ग. खांबेटे. बाबा जाऊन किती वर्षं झाली तरी ती तशीच. तिच्याखाली माझ्या नावाची पाटी कधी लागली नाही. राहत नाही तिथे पाटी कशाला, असं आई म्हणायची, आणि ते खरंही होतं. आता त्या मोकळ्या जागेवर हा बसणार होता. आमच्या घराच्या दारावर, माझ्या बापाच्या नावाखाली, निपाणीहून आलेला भाडेकरू. हे होऊ नये एवढंच मला त्या सकाळी हवं होतं, आणि आई काय सांगणार हे मला पक्कं माहीत होतं.

"मी पण येते तुमच्याबरोबर," आई म्हणाली. "मुकुंदा, माझी काठी आण."

शौनक आमच्याकडे आला तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. पिंपरीच्या एका कारखान्यात नुकता इंजिनिअर म्हणून लागलो होतो. बाबा वर्षभरापूर्वी गेलेले. आईला एवढ्या मोठ्या बंगल्यात भीती वाटायची, म्हणून गच्चीवरची खोली द्यायचं ठरलं. आला तो हा. इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेला, खांद्यापर्यंत केस, एक गिटार आणि एक वळकटी. मला वाटलं, आई दारातूनच परत पाठवेल. आमची आई म्हणजे शिस्तीचं दुसरं नाव. जेवताना बोललेलं तिला चालत नसे. मी शाळेत दुसरा आलो तर पहिला कोण आला, हे विचारणारी बाई.

महिन्याभरात शौनक स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून पाय हलवत गप्पा मारत होता.

ओट्यावर! मी सहा वर्षांचा असताना एकदा त्या ओट्यावर चढलो होतो, तर उलथन्याचा फटका खाल्ला होता. आणि हा पठ्ठ्या अकराला उठायचा, तसाच पारोसा खाली यायचा, टुणकन ओट्यावर बसायचा आणि झाकून ठेवलेले पोहे खात आईला निपाणीच्या तंबाखूच्या वखारीपासून स्वतःच्या बापाच्या तिरसटपणापर्यंत सगळं सांगायचा. आणि आई हसायची. मी आईला हसताना पाहिलं ते त्याच्यामुळे, हे मला सांगताना आजही बरं वाटत नाही. दुपारी तो वर गिटार बडवायचा, तर ही जिन्यात उभी राहून ओरडायची, "अरे, जरा मोठ्याने वाजव, खाली नीट ऐकू येत नाही!" मी रेडिओ लावला की तिचं डोकं दुखायचं.

आधी तो तिला काकू म्हणायचा. मग आई म्हणायला लागला. आई माझी आणि हाक त्याची.

मी काही बोललो नाही. आमच्या घरात बोलायची पद्धत नव्हती. मी फक्त त्याच्या पंक्तीला बसणं सोडलं. शिफ्टचं निमित्त सांगायचो. पण माझ्या वाढदिवसाला जे झालं ते झालंच. आई तिथीने ओवाळायची. रांगोळी काढली, पाट मांडला, निरांजन लावलं. मी पाटावर बसलो आणि आईने शेजारी दुसरा पाट ठेवला. त्या संध्याकाळी शौनकचा पहिला मोठा कार्यक्रम होता. "बस रे, तुलाही ओवाळते," ती त्याला म्हणाली. "तुला निघायचंय, आधी तुझंच उरकते."

तिने त्याला कुंकू लावलं. सुपारी त्याच्या डोक्यावरून फिरवली, अंगठी फिरवली. निरांजन हातात घेतलं, आणि मी उठलो. ओवाळणं चालू असताना पाटावरून उठू नये, हे आमच्यात पोराटोरांनाही कळतं. मी उठलो, चपला घातल्या आणि बाहेर गेलो. मागे वळून पाहिलं तेव्हा आईच्या हातात निरांजन तसंच होतं आणि शौनक खाली मान घालून बसला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गेला. मी कामावरून येऊन झोपलो होतो, उठलो तर वरची खोली रिकामी. "कर्नल राजवाड्यांच्या आउटहाउसमध्ये जागा मिळाली त्याला," आई म्हणाली. "तिथे ड्रम ठेवता येतात." माझ्या मनात दिवाळी झाली. पण ती दोन दिवसही टिकली नाही. गुरुवारी आईने डबा भरला आणि पिशवी घेऊन निघाली. मग दर गुरुवारी. साबुदाण्याची खिचडी, भरली वांगी, कधी गुळपोळ्या. अकरा महिन्यांचा करार संपला आणि तो देवस्थळीबाईंच्या बंगल्यात गेला, तर डबा तिकडे. मी मनात म्हटलं, म्हणजे हा घरातून गेला, पण हिच्या मनातून काही गेला नाही. मग मला मस्कतची नोकरी आली आणि मी घेतली. आईने "बरं" म्हटलं. एवढंच.

त्या सकाळी कर्नलांच्या बंगल्याशी पोचलो तर सुनेत्रा राजवाडे साडी-बिडी नेसून तयारच होत्या. त्या कर्नलांच्या सून. शौनक तिथे राहायला गेला तेव्हा त्यांचं नवीन लग्न झालेलं होतं. आता साठीला आल्या होत्या, पण त्या सकाळी लाजत होत्या.

"गाणं इथेच लिहिलं हो," आउटहाउसची कडी काढत त्या पोरांना सांगू लागल्या. "मी दुपारी चहा घेऊन जायचे ना. आमचे सासरे दुपारी झोपायचे, मिलिटरी माणूस, आवाज झाला की संपलं. म्हणून मी त्याला नेहमी म्हणायचे, दार ओढून घे बाबा. आत कुणीतरी झोपलंय, म्हणजे सासरे!"

पोरांनी भराभर फोन पुढे केले. सुनेत्राबाई विवाहिता होत्या, तरुण होत्या, दार होतं, झोपलेला माणूसही होता. सगळं बसत होतं. मला तर त्यांना मिठी मारावीशी वाटली. लावा की पाटी इथेच, मी मनात म्हणत होतो.

"आणि कुमुदकाकू," त्या आईकडे वळल्या, "तुमचे डबे तर मी कधी विसरणार नाही. पण उन्हातान्हात यायचात आणि पायरीवर डबा ठेवून जायचात. मी कितीदा म्हटलं, आत या, तो आहे. एकदाही आला नाहीत."

"घाईत असायची," आई म्हणाली.

मी आईकडे पाहिलं. बाबा गेल्यावर शाळेतली शिक्षिकेची नोकरी सोडलेल्या बाईला गुरुवारी दुपारी कसली आलीय घाई?

तिसरं घर उरलंच नव्हतं. देवस्थळीबाईंच्या बंगल्याच्या जागी काचेची उंच इमारत होती आणि वॉचमन पोरांना फाटकाच्या आत पाऊल टाकू देईना. "कौन सिंगर? यहाँ कोई सिंगर नहीं रहता," एवढंच त्याचं म्हणणं. पोरांनी रस्त्यावरूनच इमारतीचे फोटो काढले. आई काठीवर दोन्ही हात टेकून उभी होती.

"इथे चिकूचं झाड होतं," ती मला म्हणाली. "त्याच्या पारावर मी डबा ठेवायची. मागच्या आठवड्याचा रिकामा तिथेच असायचा. घासून ठेवायचा हो तो. आळशी होता, पण डबा घासायचा."

"म्हणजे इथेही भेटायची नाहीस?"

"चल, ऊन वाढतंय," ती म्हणाली.

परत आमच्या फाटकाशी आलो. पोरांनी खांबाभोवती अर्धगोल केला. ज्याच्या सॅकमध्ये पाटी होती त्याने ड्रिल मशीनही आणलं होतं आणि तो बाबांच्या पाटीखालची जागा बोटाने चाचपत होता. मला त्याचा हात धरून बाजूला करावासा वाटत होता. पण घर कागदोपत्री आईचं होतं.

"आजी," तन्मयी म्हणाली, "सुनेत्राकाकूंनी सांगितलं ते ऐकलं. पण आम्हाला अजून वाटतं की इथेच. तुम्ही सांगा. इथेच लिहिलं ना त्याने?"

"नाही," आई म्हणाली.

ड्रिलवाल्या पोराने खांबावरचं बोट काढलं.

"इथे लिहिणं शक्यच नव्हतं," आई म्हणाली. "ते इथून गेल्यावरचं गाणं आहे. पाटी तिकडे लावा, राजवाड्यांकडे."

"पण आजी, तो या घराला खरं घर म्हणायचा. निदान राहत होता एवढं तरी लिहून..."

"नको. या दारावर त्याचं नाव नको." आईचा आवाज शाळेतला होता. त्यापुढे कुणी बोलत नाही. "बाळांनो, पाणी पिऊन जा."

पोरं पाणी प्यायली आणि नमस्कार करून हिरमुसून गेली. तन्मयीच्या तर डोळ्यांत पाणी होतं. आणि मी? मी खोटं कशाला बोलू, माझे पाय जमिनीवर नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आईने शौनकला दाराबाहेर ठेवलं होतं, तेही चारचौघांत, माझ्या देखत. मी आत जाऊन स्वतः पानं घेतली, पाणी भरलं. आई गरम पोळ्या करत होती, तर म्हटलं, असू दे, बस, एकत्र जेवू.

जेवताना बोलायचं नाही हा नियम त्या दिवशी मीच मोडला.

"बरं केलंस," मी म्हणालो. "आपल्या बाबांच्या पाटीखाली त्याची पाटी म्हणजे जरा अतीच झालं असतं."

आईचा घास हातातच राहिला.

"तुला वाटलं, मी त्यासाठी नको म्हटलं?"

"मग?"

"घालवून दिलेल्या मुलाची पाटी कुठल्या तोंडाने लावायची दारावर?"

मला काही कळेना. "घालवलं कुणी? ड्रम ठेवायला जागा हवी म्हणून गेला ना तो?"

"ते तुला सांगायला. ती जागा मीच शोधली त्याच्यासाठी. कर्नलांच्या हातापाया पडले." तिने घास परत पानात ठेवला. "तू पाटावरून उठून गेलास ना, तेव्हाच मी ठरवलं. म्हटलं, हे काही बरं चाललेलं नाही. माझं पोर घरात असून जेवत नाही, आणि मी परक्याला वाढतेय. त्याला म्हटलं, शौनक, तू जा. का म्हणून त्याने विचारलं नाही. त्याला कळलं होतं."

"माझ्यामुळे?"

"सामान घेऊन खाली आला तेव्हा तू थर्ड शिफ्ट करून आला होतास. सकाळचे दहा वाजले असतील. मला नमस्कार करायला वाकला आणि त्याला रडू फुटलं. असा हुंदका की बस. मला भीती, तू उठशील. मी म्हटलं, आवाज नको करू. आत मुकुंदा झोपलाय. जाताना दार ओढून घे."

म्हणजे मी. इतकी वर्षं पोरं ज्याच्यावरून भांडत होती, ती मुलगी जे मनगटावर गोंदवून हिंडत होती, तो आत झोपलेला माणूस मी होतो. कारखान्याच्या कपड्यांत, तोंड उघडं टाकून, बहुधा घोरत. आणि ती विवाहिता माझी आई.

"मग त्याला भेटायची का नाहीस?" मी विचारलं.

"एकदा जा म्हटल्यावर कसली भेटते? दिसला असता तर घेऊन आले असते परत. म्हणून डबा ठेवायचा आणि निघायचं." तिने वाटीतलं ताक उगाच ढवळलं. "म्हटलं, हरकत नाही, मुकुंदा आता नीट जेवेल. जेवायलाही लागलास. आणि दीड वर्षात येऊन मला मस्कतचं तिकीट दाखवलंस."

"तू तेव्हा बोलली का नाहीस? राहा म्हणाली असतीस तर मी..."

पुढे काय बोलणार होतो कोण जाणे. आईनेही थांबून ऐकलं नाही.

"तुला वाटायचं, तो माझा लाडका," ती म्हणाली. "मला दिसत नव्हतं का? सगळं दिसत होतं. आणि होताच तो लाडका, आता लपवून काय करू? लाडका होता म्हणून त्याला तोंडावर जा म्हणता आलं. तुला राहा म्हणायचा धीर मला कधी झाला नाही."